हवा काढली की फिरणारी नळी : एका आयटीआयच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

यंदाचा विषय ठरला. निर्वातात रॉकेटला रेटा मिळतो का?

आपला ट्रेड फ्रिज-एसीचा, रॉकेटचा नि आपला संबंध काय, अशी विचारणा वरून होणारच. उत्तर तयार आहे. हवा काढायचा दोन स्टेजचा पंप, मायक्रॉन गेज (उरलेल्या हवेचा अगदी कमी दाब मायक्रॉनमध्ये मोजणारं), नायट्रोजनचं सिलिंडर आणि ब्रेझिंगचा टॉर्च, हे सगळं एका छताखाली आपल्याच वर्कशॉपमध्ये आहे. विज्ञानाच्या मास्तरांकडे यातलं काही नसतं.

वाद वर्गातच पेटला होता. औंढ्याचा मुलगा म्हणाला, "विहिरीत सूर मारताना आपण काठाला रेटा देताव, तसं रॉकेट हवेला देतंय. वर हवाच नाही, मग रेटायलंय कशाला?" कळमनुरीच्या मुलीनं चांद्रयान काढलं. त्यावर तो लगेच, "वेग इथंच घेतला, पुढं नुसतं सरकत गेलं." पोरगं हुशार आहे. प्रवासातला बराचसा वेळ यान खरंच इंजिन बंद ठेवून सरकतच असतं. त्यामुळे नुसतं "चंद्रावर गेलं की" म्हणून त्याचं तोंड बंद करता येणार नाही, आणि करायचंही नाही.

८ जानेवारी

आधी झालेल्या गोष्टींमधून असं उदाहरण हवं, ज्यात इंजिन पोकळीतच पेटलं आणि आजूबाजूला रेटायला काहीच नव्हतं.

मुलांनी विक्रम लँडरची उडी सुचवली. ३ सप्टेंबर २०२३ ला विक्रमनं चंद्रावर इंजिनं पुन्हा पेटवली, सुमारे ४० सेंटिमीटर वर उठला आणि तीस-चाळीस सेंटिमीटर बाजूला जाऊन बसला. उदाहरण देखणं आहे, पण आमच्या औंढेकराला पळवाट ठेवतं. खाली जमीन आहे ना, धार जमिनीवर आपटून रेटा देत असेल! म्हणून हे बाजूला ठेवलं.

मंगळयान घेतलं. २४ सप्टेंबर २०१४. त्याचं ४४० न्यूटनचं इंजिन म्हणजे जेमतेम ४५ किलो वजन उचलेल एवढा रेटा. ते सुमारे २३ मिनिटं पेटलं आणि यानाचा वेग सेकंदाला १.१ किलोमीटरनं कमी झाला. खाली जमीन नाही, मागं हवा नाही. वेग कमी झाला नसता तर यान मंगळाला वळसा घालून निघून गेलं असतं. 'इथंच घेतलेल्या वेगावर सरकत गेलं' हे इथं लागू पडत नाही, कारण इथं घेतलेला वेग तिथं मोडायचा होता.

औंढेकर थोडा गप्प झाला. मग म्हणाला, "सर, ते आपण कुठं डोळ्यांनी बघितलंय?" हे मला पटलं. प्रकल्प करायचा तो त्यासाठीच.

१३ जानेवारी

तारीख योगायोगाची आहे. १९२० साली याच दिवशी न्यूयॉर्क टाइम्सनं संपादकीय पानावर अमेरिकेतले रॉकेट-संशोधक रॉबर्ट गॉडार्ड यांची टर उडवली होती. रेटायला काही नसताना रॉकेट चालेल असं मानणाऱ्या या प्राध्यापकाला शाळेत शिकवतात तेवढंही ज्ञान नाही, असा त्याचा सूर. त्याच पेपरानं चूक कबूल केली ती १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. गॉडार्ड १९४५ मध्येच वारले होते.

यातली गंमत अशी की टर उडवली गेली तेव्हा गॉडार्ड यांचा प्रयोग होऊन काही वर्षं झाली होती. क्लार्क विद्यापीठात त्यांनी हवा काढलेल्या टाकीत बार उडवून धक्का मोजला. तो हवेतल्यापेक्षा कमी भरला नाहीच, उलट सरासरी २० टक्क्यांच्या आसपास जास्त भरला. टाकीच्या भिंतीवरून उलटून येणारा वायू घोळ करील ही शंका त्यांनाही होती, म्हणून एक टाकी त्यांनी गोल वळशाची केली होती.

बार आपण उडवणार नाही. पण भिंतीची शंका वहीत लिहून घेतली. ती आपल्याकडेही निघणार.

१९ जानेवारी

टाकी. दहा इंची एमएस (साध्या पोलादी) पाइपचा ४० सेंटिमीटरचा तुकडा, जाडी ६ मिलिमीटर, तळाला प्लेट. वेल्डिंग शेजारच्या ट्रेडच्या मुलांनी केलं. साधारण २० लिटर पोकळी. वर २५ मिलिमीटर जाड अ‍ॅक्रिलिकचं झाकण आणि सिलिकॉन रबराची गॅस्केट. झाकणाला बोल्ट नाहीत. हवा काढली की बाहेरचं वातावरणच त्यावर सुमारे ४८० किलोंनी दाबून बसतं. म्हणूनच झाकणाला काच वापरायची नाही, वापरायचीच नाही. चालू टाकीच्या वर तोंड घालून बघायचं नाही, मोबाइल स्टँडवर लावायचा. गॉगल प्रत्येकाला.

खरा प्रश्न वायरींचा होता. आत तार तापवायची तर वीज आत न्यावी लागणार, आणि जिथून वायर जाते तिथून हवाही जाते. अरल्डाइट, एम-सील, रबरी बूच, सगळ्यांनी सगळं सुचवलं. उत्तर भंगारात पडलं होतं. फ्रिजच्या सीलबंद कॉम्प्रेसरला तीन पिनांचं टर्मिनल असतं. प्रत्येक पिन काचेत बसवलेली, आतला गॅस वर्षानुवर्षं बाहेर येऊ न देणारी. जळालेल्या कॉम्प्रेसरच्या कवचाचा तेवढा तुकडा हॅक्सॉनं कापला. ग्राइंडर मुद्दामच लावला नाही, तापून काच तडकली असती. टाकीला भोक पाडून तुकडा बाहेरून अरल्डाइटनं बसवला. बाहेरून अशासाठी की हवा काढल्यावर वातावरण त्याला आत दाबून धरेल, उचकटणार नाही.

२४ जानेवारी

पंप लावला. गेज ९००० मायक्रॉनला येऊन अडलं ते अडलंच. पंपाचा व्हॉल्व्ह बंद केला की आकडा भराभर वर. एसीच्या लाइनवर असं झालं तर मुलं डोळे झाकून सांगतात, "लीक आहे."

कुठं आहे ते शोधायला वेल्डरवाल्यांनी त्यांची जुनी पद्धत काढली. बाहेरून जोडावर चुना फासायचा, आतून रॉकेल. रॉकेल आता कुठं मिळतं, डिझेल घेतलं. चहा पिऊन येईपर्यंत तळाच्या जोडावर पांढऱ्या चुन्यात टाचणीच्या डोक्याएवढा काळपट डाग उमटला होता. तेवढा भाग घासून पुन्हा भरला. मग डिझेल काढणं हे वेगळंच काम होऊन बसलं. आत तेलाचा अंश राहिला की त्याची वाफ निघत राहते नि गेज खाली येत नाही. थिनर, कोरडं फडकं, वर दुपारभर हॅलोजनची ऊब.

२८ जानेवारी

२००० मायक्रॉन, आणि व्हॉल्व्ह बंद केल्यावर मिनिटभर फारसं हलत नाही. आपल्या कामाला पुरे. एसी भरताना आपण ५०० च्या खाली नेतो, पण तिथं आतमध्ये एवढं रबर नसतं. वातावरण ७,६०,००० मायक्रॉनचं. म्हणजे टाकीत हवेचा साडेतीनशे-चारशेवा भाग उरला. जमिनीपासून ४० किलोमीटर वर असते साधारण तेवढी.

३० जानेवारी

आता रॉकेट. पाच-अष्टमांश इंची तांब्याची नळी, १६ सेंटिमीटर, दोन्ही टोकं ब्रेझ करून बंद. मध्यावर पिन व्हॉल्व्ह (एसीत गॅस भरायचा असतो तो). त्यालाच मासेमारीचा नायलॉन दोरा बांधून नळी आडवी टांगली. एका टोकाजवळ कुशीला १ मिलिमीटरचं भोक. भोकावर चिकटपट्टीचा चौकोन. पट्टीला जेमतेम टेकेल अशी नायक्रोमची (विजेनं तापणारी) तार, जी लाल झाली की पट्टी वितळते आणि भोक उघडतं. नळीला वायर जोडलेली नाही, त्यामुळे ती मोकळी फिरू शकते.

नळीत काहीच भरलेलं नाही. खोलीतलीच हवा, खोलीच्याच दाबाची. २५ मिलिलिटरच्या आत-बाहेर.

हेच मला हवं होतं. पेटणारं काही नाही, दाबून भरलेलं काही नाही. खोलीत ठेवलं तर भोक उघडलं काय नि बंद राहिलं काय, नळी ढिम्म राहणार. बाहेरची हवा काढून घेतली की मात्र आतली तीच हवा दाबाखालचा वायू होते. हवेला रेटून रॉकेट चालत असेल, तर टाकीत नळी खोलीतल्यापेक्षा जास्त फिरायचं काहीच कारण नाही.

३ फेब्रुवारी

आधी झाकण न लावता. तार लाल, पट्टी वितळली, नळी जागची हलली नाही. तारेच्या उष्णतेनं काही होत नाही हेही यातच कळलं.

मग भोक उघडंच ठेवून टाकी रिकामी केली, म्हणजे नळीही रिकामी. तार तापवली. काही नाही.

मग पट्टी लावून. पंप दीड तास चालवला, व्हॉल्व्ह बंद, तार चालू. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग नळीनं एकदम हिसका घेतला आणि फिरायला लागली. दोऱ्यावर दोन-तीन सेंटिमीटर झुलली, पण भिंतीला लागली नाही. पोरांनी एवढा कालवा केला की शेजारच्या ट्रेडचे निदेशक बघायला आले.

सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये पाहिलं. एका फेऱ्याला २६० फ्रेमच्या आसपास, म्हणजे सेकंदाला जवळपास एक फेरा. नळी फिरते आहे ती धारेच्या उलट दिशेनं. गेजही बोललं. २००० वरून २९०० च्या जवळ गेलं. २५ मिलिलिटर हवा २० लिटरमध्ये सांडली तर तेवढंच वाढायला हवं. म्हणजे नळीतली हवाच बाहेर आली, कुठून तरी गळती होऊन फिरली असं नाही.

"पण कामून फिरायलंय सर?" हा प्रश्न औंढ्याच्या मुलाचाच, आणि या वेळी वादासाठी नव्हता.

फळ्यावर नळीचा काप काढला. आतली हवा सगळीकडून भिंतीला दाबते. भोकाच्या बरोबर समोरच्या भिंतीवरही तिचा दाब आहेच. पण भोकाच्या जागी भिंत नाही. समोरचा दाब तोलायला कुणी उरलं नाही, म्हणून नळी तिकडं सरकते. ढकललं जातं ते आतून, आतल्या वायूकडून, आणि वायू उलट बाजूला निघून जातो. बाहेर काय आहे याच्याशी या ढकलण्याचा संबंध एवढाच की बाहेर हवा असेल तर ती भोकातून उलटी दाबते, आणि तेवढा रेटा खाते. खोलीत दोन्ही दाब सारखे, म्हणून नळी गप्प बसली होती. आकडा काढला तर १ मिलिमीटरच्या भोकाला सुरुवातीला आठ-दहा ग्रॅम वजनाएवढा रेटा. तो अर्ध्या सेकंदात बहुतेक संपतो, पण टांगलेल्या नळीला तेवढा पुष्कळ.

५ फेब्रुवारी

हळदीची काढणी सुरू झाली, निम्मा वर्ग शेतात. आले त्यांच्यावर काम.

आज टाकीतली हवा अर्धवटच काढली. एवढ्या वरच्या दाबाला मायक्रॉन गेज चालत नाही, एसीत गॅस भरताना लावतो ते मॅनिफोल्डचं कंपाउंड गेज घेतलं. ते पाऱ्याच्या १४ इंचावर थांबवलं, म्हणजे निम्मी हवा आत. नळी फिरली, पण आळसानं. सेकंदाला पाव फेराही नाही. पाऊण हवा काढली तेव्हा अर्ध्या फेऱ्याच्या आसपास. पूर्ण काढली की एक.

या प्रकल्पातली ही नोंद मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. "टाकीत थोडी हवा उरतेच ना सर, तिलाच रेटत असेल" असं कुणी म्हटलं तर त्याचं उत्तर यात आहे. उरलेल्या हवेला रेटत असती तर हवा जितकी कमी, तितकी नळी मंद व्हायला हवी होती.

९ फेब्रुवारी

भिंतीची शंका. कळमनुरीच्या मुलीनं काढली, आणि नीट मांडली. धार टाकीच्या भिंतीवर आपटते, मग नळी भिंतीलाच रेटत नसेल कशावरून?

भोकापासून धारेच्या रेषेत भिंत दहा सेंटिमीटरवर आहे. पत्र्याचा वाकवलेला पडदा आत उभा करून 'भिंत' चार सेंटिमीटरवर आणली. फेऱ्यांचा वेग आधीच्याच पट्ट्यात. मुळात नळी हलते ती धार भिंतीपर्यंत पोचण्याची वाट न बघता.

मग दुसरा प्रयोग, तिच्याच डोक्यातून निघालेला. पत्र्याचा नाण्याएवढा तुकडा नळीलाच डाग देऊन भोकासमोर उभा केला, पाच मिलिमीटरवर. आता धार नळीच्याच अंगाला असलेल्या पत्र्यावर आपटणार. नळी जेमतेम सरकली. पत्र्याला मिळालेला धक्का आणि नळीला मिळालेला रेटा एकमेकांना खाऊन बसले. अगदी शून्य का नाही? निर्वातात धार सरळ काडीसारखी राहत नाही, चहूकडं फाकते. थोडा वायू पत्र्याच्या कडेनं निसटतो. रॉकेटच्या वरच्या टप्प्यांच्या इंजिनांना रुंद तोंडाचं नॉझल देतात ते यासाठीच, फाकू पाहणारा वायू भिंतींनी आवरून मागच्या दिशेला वळवायचा. इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या वरच्या टप्प्याचं सीई-२० इंजिन घ्या, त्याचं तोंड बाकीच्या इंजिनाच्या मानानं केवढं मोठं दिसतं.

१२ फेब्रुवारी

हवेतही चालेल असं रॉकेट करून दोन्हीकडं तुलना. त्याच नळीत पिन व्हॉल्व्हमधून १५ पीएसआय नायट्रोजन, म्हणजे साधारण आणखी एका वातावरणाएवढा दाब. (ऑक्सिजनचं सिलिंडर जवळ दिसतंय म्हणून त्याला हात लावायचा नाही. हे फळ्यावर कायमचं लिहून ठेवलंय.) पट्टी आता दुहेरी लागते.

खोलीत सेकंदाला अर्ध्या फेऱ्याच्या आसपास. टाकीत निर्वात करून दोनच्या आसपास. गॉडार्ड यांच्या २० टक्क्यांशी याची बरोबरी करायची नाही, असं मुलांना बजावलं. आपला दाब फारच कमी आहे, त्यामुळे बाहेरच्या हवेचं खाणं आपल्याला फार मोठं पडतं. शिवाय खोलीत निम्मा वायू नळीतच राहतो आणि फिरताना हवा अडवते ती वेगळीच. खऱ्या इंजिनात आतला दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो, म्हणून फरक लहान दिसतो. स्पेस शटलच्या मुख्य इंजिनाचा विशिष्ट आवेग (एक किलो इंधन एक किलो वजनाएवढा रेटा किती सेकंद देईल तो आकडा) समुद्रसपाटीला ३६६ सेकंद आणि निर्वातात ४५२ सेकंद. इंजिन तेच, इंधन तेच.

१७ फेब्रुवारी

काम नाही, पंपाचं तेल बदललं. दुधाळ झालं होतं. टाकीत ओल गेली की असं होतं.

गप्पांत लायगो निघालं. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेची जागा आहे, तिथं ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या एकमेकींना काटकोनात बसवायच्या आहेत. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टनच्या लायगोच्या नळ्यांत हवेचा दाब वातावरणाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढा ठेवतात. आम्ही चारशेव्या भागाला पोचायला डिझेल, थिनर नि हॅलोजन केलं. औंढ्याचा मुलगा, ज्याच्या गावापासून ती जागा हाकेच्या अंतरावर, विचारत होता की तिथं लीक शोधायला चुना लावतात का. हेलियम फवारतात आणि आतल्या बाजूला हेलियम पकडणारं यंत्र ठेवतात, एवढं सांगितलं. त्याला ते काम आवडेल असं दिसतं. वेल्डिंगचा सर्टिफिकेट कोर्स जोडून कर म्हटलं.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. प्रात्यक्षिक दोनदाच दाखवलं, कारण प्रत्येक वेळी टाकी रिकामी करायला वेळ जातो आणि लोक तेवढे थांबत नाहीत. मधल्या वेळात व्हिडिओ लावला. आलेल्यांना नळी फिरण्यापेक्षा झाकण हातानं उचलून बघण्यातच जास्त रस. उचललं नाही कुणाकडून.

एका पालकांनी विचारलं, नळीतली हवा संपल्यावर काय? नळी दोऱ्याच्या पिळानं थांबेपर्यंत फिरते, वेग मात्र वाढत नाही. यानाचंही तेच. टाकीतलं संपलं की इंजिन गेलं, बाहेरून काही घेता येत नाही. ऑक्सिजनसुद्धा सोबत न्यावा लागतो.

५ मार्च

नॉझल. नळीला ३ मिलिमीटर जाड पितळी तुकडा डागून त्यात १ मिलिमीटरचं सरळ भोक पाडलं, मोजलं. मग त्याच भोकाला बाहेरून ९० अंशांचं काउंटरसिंक करून तोंड रुंद केलं, पुन्हा मोजलं. वेग वाढल्यासारखा वाटतो, पण दर खेपेला आकडे जेवढे मागं-पुढं होतात तेवढाच हा फरक. यावर बोलता येणार नाही. ९० अंशांचं तोंड फारच पसरट; वायू मागं वळण्याऐवजी बाजूला सांडतो. रॉकेटच्या साध्या शंकूला ३० अंशांच्या आसपासचा कोन ठेवतात. शिवाय तोंड रुंद झालं की पट्टीवरचा भार वाढतो, मध्ये फुगते. एकदा तार लाल व्हायच्या आधीच सुटली.

नांदेडच्या एका नेमप्लेटवाल्याकडे सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या कोरीव यंत्रा)ला ३० अंशांचा व्ही-बिट, म्हणजे टोकदार कोरणी, असतो. तो मागवलाय. पट्टीऐवजी पातळ फॉइल, कडेनं अरल्डाइट. वितळवायच्या ऐवजी तारेनं कडच सैल करायची, असं कळमनुरीच्या मुलीनं चित्र काढून दिलंय. सराव परीक्षा आटोपेपर्यंत पंप एसीच्या बेंचवर परत.